तळ्याकाठी जाण्याची परवानगी



भाद्रपद सरत आला की माझ्या दवाखान्यातील तक्रारींचे स्वरूप पालटते. श्रावणातील ताप, खोकला आणि जुलाब मागे पडतात आणि त्यांच्या जागी वडीलधाऱ्यांची एक वेगळीच गाऱ्हाणी येऊ लागतात. गुडघे आखडले, भूक मेली, रात्री झोप लागत नाही, कशात लक्ष लागत नाही. तपासणीत फारसे काही सापडत नाही. चौकशी केली की कळते, आषाढापासून हे गृहस्थ किंवा या बाई अंगणाच्या पलीकडे गेलेल्याच नाहीत. बाहेर चिखल, निसरडे झालेले शहाबादी फरशीचे अंगण, आणि ‘पडलात तर काय करायचे’ ही घरच्यांची भीती. ही भीती खोटी नाही. उतारवयातील खुब्याच्या हाडाचा अस्थिभंग मी पुष्कळ घरांत पाहिला आहे, आणि त्यानंतर घराचे वेळापत्रक कसे कोलमडते तेही पाहिले आहे. परंतु चार महिने खाटेवर आणि खुर्चीत काढलेल्या माणसाच्या मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल बिघडतो आणि पडण्याची शक्यता वाढते, हेही तितकेच खरे आहे. पडू नये म्हणून बसवून ठेवलेला माणूस पुढे उठताना पडतो.

नेमक्या याच दिवसांत गावाबाहेरचे पाणी भरलेले असते. ‘पाणथळ जागा’ म्हटले की आपल्याला नांदूरमध्यमेश्वर, लोणार, ठाण्याची खाडी अशी आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेली नावे आठवतात. ती मोठी स्थळे आहेतच. पण आमच्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातील एखादा पाझर तलाव, ओढ्याचा डोह, भातखाचराची कड, विहिरीशेजारी साचलेले दलदलीचे चार वाफे, याही पाणथळ जागाच होत. तेथे या ऋतूत जे उमलते आणि उडते, ते पाहण्यासाठी कोठे दूर जावे लागत नाही. आज मी आपल्याला अशाच काठावर जाऊन कीटक आणि रानफुले पाहण्याविषयी, त्यांची छायाचित्रे काढण्याविषयी सांगणार आहे. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय का, ते पुढे उलगडेलच.

गेल्या वर्षी एक सूनबाई आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या. आजींनी सत्तरी ओलांडलेली. मधुमेह, रक्तदाब, दोन्ही गुडघ्यांची झीज, आणि सहा महिन्यांपूर्वी एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तक्रार आजींची नव्हतीच. तक्रार सूनबाईंची होती.

“डॉक्टर, आत्यांना तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाहीत. नातवाचा जुना मोबाइल घेऊन तळ्यावर जातात आणि चतुराचे फोटो काढत बसतात. परवा घेरी आली म्हणून तिथंच बसल्या. गुराख्यानं घरी आणून सोडलं. उद्या काही झालं तर हे पुण्याहून मलाच विचारणार ना?”

आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “त्या तळ्याच्या भरावाची माती मी डोक्यावरनं व्हायलीय, बाहत्तर साली. सुकडी खाऊन पाट्या टाकल्यात. तवा पडले न्हाई. आता नुसतं बघाया गेले तर पडंन व्हय?”

1972च्या दुष्काळात सरकारी कामांवर असे कितीतरी पाझर तलाव खोदले गेले. त्या कामावर गेलेली विशीतली मुलगी आज त्या पाण्याच्या काठी बसून चतुराकडे पाहते आहे, आणि तिला घरी बसवण्याचा आदेश मी द्यावा अशी अपेक्षा होती. खरे सांगायचे तर दोघींचीही बाजू योग्य होती. सूनबाईंना दोष देण्याचे धाडस ज्याने आजारी माणसाची शुश्रूषा केलेली नाही त्यानेच करावे. जबाबदारी तिची, आणि जाब विचारणारे मात्र दूरच्या शहरात.

मी आदेश दिला नाही. आधी रक्तदाब मोजला. आजींना दहा मिनिटे आडवे झोपवून मोजला तेव्हा वरचा आकडा 138 होता. उभे करून दोन मिनिटांनी मोजला तेव्हा 112. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला, तर त्याला आम्ही स्थितिजन्य रक्तदाब-घट म्हणतो. आजी सकाळी रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेत, त्यांपैकी एक लघवी वाढवणारी. मग ऊन लागेपर्यंत पाण्याचा घोट न घेता तळ्यावर वाकून बसत आणि छायाचित्र मिळाले की झटकन उठत. घेरी येणारच. ती तळ्यामुळे आली नव्हती. घरात देवपूजा करून उठतानाही ती आली असती. आली होतीही, पण ती कोणी मोजली नव्हती. त्यांच्या गोळ्यांची मात्रा मी बदलली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजून पाहिले. (आपण मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना ‘माझा रक्तदाब उभ्यानेही मोजा’ एवढेच सांगावे. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांनीही असा दाब उतरतो, हे आजोबांनी ध्यानात ठेवावे.)

आता काठावरच्या मंडळींविषयी. लहानपणी आपल्यापैकी अनेकांनी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवले असेल. ती शेपटी नसते, ते त्याचे पोट असते, ही गोष्ट फार उशिरा कळते. चतुर आणि टाचणी ही दोन भावंडे ओळखायला सोपी आहेत. बसल्यावर पंख विमानासारखे पसरून ठेवतो तो चतुर. बहुतेक टाचण्या पंख मिटून अंगाशी घेतात, आणि त्यांचे दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना अगदी वेगवेगळे असतात. मोठ्या चतुराच्या एकेका डोळ्यात सुमारे 30 हजारांपर्यंत भिंगे असतात, त्यामुळे आपण कोठूनही हात हलवला तरी त्याला दिसतो. पण त्याची एक सवय आपल्या कामाची आहे. काठावरच्या काडीवर बसणारे पुष्कळ चतुर उडाले तरी घिरटी घालून त्याच काडीवर परत येतात. म्हणून त्याच्या मागे धावणाऱ्याला तो सापडत नाही. काडीसमोर बसून राहणाऱ्याला सापडतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून सोयीचा वन्यजीव कोणता?

आजींनी पहिल्या आठवड्यात काढलेल्या छायाचित्रांत निम्मी त्यांच्याच बोटाची होती. दुसऱ्या आठवड्यात पाणकणसाच्या वाळक्या शेंड्यावर बसलेला लालभडक चतुर त्यांना मिळाला. त्या मला म्हणाल्या, “तो उडाला की मी म्हनायची, जा बाबा, फिरून ये. येतोच.”

त्यांचा दुसरा शोध मला अधिक मोलाचा वाटतो. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने त्यांना एक फिकट निळा चतुर दिसला आणि हा यंदाच कोठून आला असा प्रश्न पडला. तो दरवर्षीच येत असणार. पिकलेला मोतीबिंदू पिवळट-तपकिरी काचेसारखा असतो आणि निळा रंग अडवतो. तो काढल्यावर निळे, जांभळे परत दिसू लागते. आपल्या घरातील ज्येष्ठांना रंग फिके वाटत असतील, तर तो केवळ वयाचा दोष मानून सोडू नये. आणखी एक सूचना येथेच देतो. पाणकणसाची सरळ काडी मधोमध वाकडी दिसू लागली किंवा फुलाच्या मध्यभागी धूसर डाग दिसला, तर ती पडद्याच्या विकाराची खूण असू शकते. एक डोळा झाकून दुसऱ्याने पाहावे आणि असे दिसल्यास लवकरात लवकर नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

याच दिवसांत शेतांवर आणि मोकळ्या मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे तरंगताना दिसतात. इंग्रजीत त्यांना वाँडरिंग ग्लायडर म्हणतात. चार्ल्स अँडरसन हे जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत असत. भर समुद्रातील त्या बेटांवर, जेथे गोड्या पाण्याची वानवा, दर ऑक्टोबरात हे चतुर लाखोंनी कोठून येतात याची नोंद त्यांनी वर्षानुवर्षे ठेवली आणि 2009 साली मांडले की हे भारताकडून निघून वाऱ्याच्या आधाराने हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत ते अंडी घालतात आणि ही येरझार एका पिढीत नव्हे, तर अनेक पिढ्यांत पुरी होते. आपल्या परड्यावर घिरट्या घालणारा हा जीव इतक्या दूरचा प्रवासी असेल, हे नातवंडांना सांगून पाहावे. फोनमधून मान वर होईल.

फुलांच्या बाबतीत मी आजींचाच विद्यार्थी झालो. निळसर-जांभळ्या फुलांचा, पेरापेराला काटे असणारा तालीमखाना, काठाच्या ओलीत पसरलेला पांढऱ्या फुलांचा माका, गुलाबी भोंग्यांचे बेशरम. बेशरमाचा पाला शेळ्यांना विषारी आहे, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. जलपर्णीचे जांभळे फूल मोहक दिसते, पण ती दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती पाण्याचा श्वास कोंडते. तिच्या गालिच्याला जमीन समजून पाय टाकू नये, खाली पाणीच असते. आणि एक कळकळीची विनंती आहे. माका काय किंवा तालीमखाना काय, औषधी म्हणून ओळखीचे असले तरी तळ्याच्या काठचे उपटून पोटात घेऊ नका. गावाचे सांडपाणी आणि शेतातील फवारे त्याच पाण्यात उतरतात. छायाचित्र घ्या, पाला नको.

साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवरच्या कासच्या पठाराविषयी वाचक हमखास विचारतात. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर 2012 साली ते जागतिक वारसा यादीत गेले. तेथील जांभ्या खडकावरची माती जेमतेम काही बोटे जाड, पावसाळ्यात पाण्याने तुंबलेली आणि नत्राला पारखी. म्हणून तेथील काही फुले नत्रासाठी कीटक खातात. दवबिंदू ही वनस्पती चिकट थेंबांनी त्यांना धरते. ‘सीतेची आसवे’ हे सुंदर नाव धारण करणारी जांभळी फुले जमिनीखालच्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतात, आणि तो सापळा पापणी लवण्याच्या आत मिटतो. हे सारे पाहण्याजोगे आहे यात शंका नाही. परंतु ओला जांभा फार फसवा असतो, गर्दी असते, आणि फूल जवळून टिपण्यासाठी तेथे ओणवे झाल्यास दहा फुले चिरडली जातात. ज्यांच्या गुडघ्यांना खात्री नाही त्यांनी तेथे आखलेल्या वाटेवरून नजर फिरवावी आणि कॅमेऱ्याची हौस गावच्या तळ्यावर भागवावी, असे माझे मत आहे. कास वर्षातून एकदा, तळे आठवड्यातून दोनदा.

आता घरच्यांनी काय पाहावे ते सांगतो. आजी आणि सूनबाई यांच्यात माझ्या टेबलावर जो करार झाला, त्यातच बहुतेक गोष्टी आल्या.

न्याहारी आणि गोळ्या झाल्यावरच निघायचे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने उपाशीपोटी मुळीच जाऊ नये. खिशात साखरेच्या पुड्या, सोबत पाण्याची बाटली. सकाळी आठ ते साडेनऊ ही वेळ उत्तम. कीटक अजून गारठलेले असल्याने स्थिर बसतात, प्रकाश तिरपा असतो आणि ऊन तापलेले नसते. जागा सपाट आणि कोरडी हवी. भरावाच्या दगडी पिचिंगवर आणि शेवाळलेल्या सांडव्यावर पाऊल टाकायचे नाही, हे कलम सूनबाईंनी दोनदा वदवून घेतले. उकिडवे बसण्याऐवजी घडीचे स्टूल न्यावे. पाण्यापासून चार हात दूर बसून मोबाइलचे चित्र दुप्पट मोठे केले तरी टाचणी पुरेशी स्पष्ट येते. उठताना आधी पाय चार-सहा वेळा हलवावे, काठीवर भार देऊन उभे राहावे, मनात वीस अंक मोजावे, मग चालावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा: पाय चालत असतील तेव्हा मोबाइल खिशात, आणि मोबाइल हातात असेल तेव्हा पाय स्थिर. पडद्यावर चतुर पाहत मागे सरकणारा तरुणही पडतो. मोबाइल दोरीने गळ्यात अडकवलेला असावा. तो पाण्यात पडू नये एवढ्यासाठीच नव्हे, तर तो निसटला की त्याला झेलण्यासाठी माणूस झेपावतो, म्हणून. दोन भिंगांचा चष्मा असणाऱ्यांना खालच्या भागातून पायाजवळची जमीन धूसर दिसते. त्यांनी चालताना मान वाकवून वरच्या भिंगातून वाट पाहावी, किंवा दूरचा स्वतंत्र चष्मा ठेवावा.

हात कापत असेल तर कोपरे बरगड्यांशी टेकवावी, मोबाइल काठीच्या मुठीवर टेकवून धरावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा. कंपवाताचे माझे एक रुग्ण अशी छायाचित्रे काढतात, आणि ती माझ्या छायाचित्रांहून चांगली येतात.

पादत्राणे बंद हवीत. भेगाळलेल्या टाचांनी किंवा उघड्या जखमेने साचलेल्या पाण्यात उतरणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला वाट देणे. उंदीर, गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात. एक-दोन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळ्यांत लाली असे काही झाले, तर डॉक्टरांना ‘मी तळ्यावर गेलो होतो’ हे न विचारता सांगा. वेळेत ओळखला तर तो साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. मधुमेहींनी घरी आल्यावर तळपाय स्वतः किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावे, कारण काटा रुतला तरी त्यांना कळत नाही.

ओलसर गवतात काळ्या-तांबूस पट्ट्यांचा मुंगीएवढा एक भुंगेरा असतो. अंगावर चढला तर फुंकरीने उडवा, चिरडू नका. चिरडल्यास त्याच्या रसाने त्वचा भाजल्यासारखी होते. झाडावर आग्या मोहोळ दिसल्यास त्या दिवशी जागा बदला. पाण्यात सळसळणारी दिवड निरुपद्रवी असते, पण काठच्या गवतात आणि दगडांत घोणस किंवा फुरसे असू शकते. म्हणून फुलासाठी गवतात हात घालायचा नाही, आधी काठी आपटायची. सर्पदंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ न घालवता पाय न हलवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष असलेले सरकारी रुग्णालय गाठावे.

डासांची भीती घालणाऱ्यांना मी एकच विचारतो: घरातील बॅरलवर झाकण आहे काय? डेंग्यूचा डास प्रामुख्याने घराभोवती साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जिवंत तळ्यात चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या खाऊन टाकतात.

या छंदाला मी उपचार म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. स्टुलावर बसून टाचणी पाहणे त्यात मोजता येणार नाही. तळ्यापर्यंत झपझप चालत गेलात तर तेवढे मोजता येईल. विसरभोळेपणाचा आजारही याने हटत नाही. पण ज्याला सकाळी उठण्यास काही निमित्त उरलेले नाही, त्याला ‘तो लाल चतुर आज त्या काडीवर आहे का’ हा प्रश्न निमित्त म्हणून पुरतो, असे मी पाहिले आहे.

सोबतीचा प्रश्न मात्र खरोखर अवघड होता. आजींनी एकटीने जायचे नाही हे ठरले, पण बरोबर जायचे कोणी? सूनबाईंना सकाळी स्वयंपाक, गुरे, मुलांची शाळा. शेवटी रविवारी नातू आणि बुधवारी शेजारच्या एक बाई, असे ठरले. त्या दीड तासात घरी राहणाऱ्या सूनबाईंनी काहीही काम काढायचे नाही, असेही मी चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहिले. शुश्रूषा करणाऱ्यालाही आठवड्यातून दोनदा मोकळा श्वास हवा, आणि तो कोणी दिल्याशिवाय त्या घेणार नाहीत हे दिसत होते. त्यांनी ते कितपत पाळले मी विचारले नाही. कार्तिकात मात्र आजींच्या मोबाइलमध्ये एक छायाचित्र पाहिले. तालीमखान्याच्या झुडपामागे सूनबाई पाठमोऱ्या उभ्या आहेत, आणि चित्राचा रोख अर्थातच पुढच्या टाचणीवर आहे.

आमच्याकडचे पाझर तलाव फाल्गुन-चैत्रापर्यंत आटतात, तेव्हा हे सारे दिवाळीच्या आगेमागे करण्याचे आहे. मार्गशीर्षात सकाळी धुके आणि गारठा वाढला की दम्याच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी नऊ वाजल्यानंतरच निघावे, कान झाकावेत आणि श्वासाचा पंप सोबत ठेवावा. तो पंप नेमका कसा ओढायचा, याविषयी पुढील अंकात.